बुद्ध्यंकाचा आवाका आणि बुद्धिबळाचा पट

१८९४ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञाचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. तोंडी अवाढव्य हिशेब करणारे गणनपटू आणि पटाकडे न पाहता खेळणारे बुद्धिबळपटू असा त्याचा दुहेरी विषय होता. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०५ मध्ये, याच बिनेने तेओदोर सिमाँ या डॉक्टरच्या साथीने शाळकरी मुलांची बौद्धिक पातळी ठरवणारी प्रश्नमालिका तयार केली. आज आपण ज्याला बुद्ध्यंक म्हणतो, त्याचे मूळ त्या मालिकेत आहे. बुद्धिबळपटूच्या डोक्यात काय चालते आणि बुद्धी मोजायची कशी, हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले. पण त्याच्या प्रश्नमालिकेत बुद्धिबळाला जागा नव्हती. दोहोंची सांगड पुढे लोकांनी घातली आणि ती फार घट्ट बसली. जो मुलगा बुद्धिबळ चांगले खेळतो त्याचा बुद्ध्यंक मोठा असणार, ज्याचा बुद्ध्यंक मोठा तो पटावर चमकणार, आणि म्हणून मुलाला बुद्धिबळाच्या वर्गाला घातले की त्याची बुद्धी वाढणार, अशी ही तीन पायऱ्यांची समजूत आहे. ती घराघरांत आहे, शाळांच्या माहितीपत्रकांत आहे. तिची एकेक पायरी पुराव्यावर तपासून पाहणे हा या लेखनाचा हेतू आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बुद्धिमापन चाचणी काहीतरी खरे मोजते, पण तिचा भर अनोळखी कोड्याशी पहिल्या भेटीत कसे झुंजता येते यावर असतो. बुद्धिबळातले प्रावीण्य उलट दिशेने जाते. तिथे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने अनोळखीपणाच कमी करत न्यायचा असतो. म्हणून या दोन गोष्टींचा संबंध सुरुवातीला ठळक दिसतो आणि खेळाडू जसजसा वर चढतो तसतसा तो विरळ होत जातो.

बिनेला बुद्धिबळपटूंकडून जे अपेक्षित होते ते मिळाले नाही, आणि त्या अभ्यासाची खरी मिळकत तीच. पटाकडे पाठ करून एकाच वेळी अनेक डाव खेळणाऱ्याच्या मनात पटाचे छायाचित्रासारखे लख्ख चित्र उमटत असावे, असा त्याचा अंदाज होता. खेळाडूंनी सांगितले ते वेगळेच. सोंगट्यांचा आकार, त्यांचे रंग, पटाचे लाकूड यांतले फारसे काही त्यांना दिसत नव्हते. हा उंट त्या कर्णावर रोखलेला आहे, हा हत्ती मोकळ्या रांगेवर आला आहे, वजिराकडचे प्यादे अडकून पडले आहे, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक असे. एका खेळाडूने बिनेला काढून दिलेल्या आकृतीत मोहरे जवळजवळ नव्हतेच. ते जिकडे जिकडे जाऊ शकतात त्या रेषा तेवढ्या होत्या. स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून लोक ज्याकडे पाहत होते, तो अर्थाच्या आधारावर उभा होता. डाव लक्षात राहत होता, कारण तो समजलेला होता. हा निष्कर्ष पुढे पन्नास वर्षे बहुतेकांनी बाजूलाच ठेवला.

प्रश्नमालिकेची गोष्ट निराळी आहे. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत कशी द्यावी हे ठरवण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक समिती नेमली. कोणत्या मुलाला मदत हवी हे शिक्षकाच्या मर्जीवर राहू नये, एवढ्यासाठी बिने आणि सिमाँ यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणारी कामे रचली. ऐकलेले आकडे परत म्हणणे, चित्रातल्या वस्तू ओळखणे, दोन वस्तूंतला फरक सांगणे, अशा प्रकारची ती होती. बुद्धी जन्मतः ठरते आणि तिच्यात पुढे भर पडत नाही, या मताचा बिनेने १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक शब्दांत निषेध केला आणि मागे पडलेल्या मुलांसाठी बौद्धिक व्यायामांची कल्पना मांडली. १९११ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न याने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची सूचना केली. या भागाकाराला शंभराने गुणले की आठ वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलाइतके करत असेल तर त्याचा आकडा १२५ येतो. १९१६ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन याने बिनेची चाचणी नव्याने बांधली, १९१७ नंतर अमेरिकी सैन्यात सुमारे सतरा लाख जवानांना सामूहिक चाचण्या दिल्या गेल्या, आणि मदत कुणाला हवी हे शोधायला निघालेला आकडा कोण किती वरचा आणि किती खालचा हे ठरवू लागला. मराठी मुलांपर्यंत हा प्रवाह धारवाडमार्गे आला. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत हे नाव आजही मुलांच्या रुग्णालयांत, समुपदेशन केंद्रांत आणि दाखल्यांच्या कागदांवर भेटते.

आता हा आकडा नेमके काय सांगतो? भागाकार केव्हाच मागे पडला. आजच्या चाचण्यांत त्या वयाच्या लोकांची सरासरी १०० धरतात आणि पसारा असा बसवतात की सुमारे दोन तृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान यावेत. बुद्ध्यंक ही म्हणजे रांगेतली जागा आहे. किलो किंवा सेंटिमीटर मोजावे तसे काही इथे मोजलेले नसते, आणि १४० वाल्याकडे ७० वाल्याच्या दुप्पट बुद्धी आहे या वाक्याला काहीच अर्थ नाही. पण एवढ्यावरून चाचणी निरर्थक ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. चार्ल्स स्पिअरमन याने १९०४ मध्येच दाखवले की शाळेतल्या निरनिराळ्या विषयांतले गुण एकमेकांबरोबर वर-खाली होतात. शब्दांच्या कोड्यांत बरा असणारा बहुधा आकृत्यांतही बरा असतो. शंभराहून अधिक वर्षांत ही गोष्ट पुन्हापुन्हा आढळली आहे. स्कॉटलंडमध्ये १९३२ साली अकरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची एकाच दिवशी चाचणी घेतली होती. त्यांतल्या काहींना सत्तरी ओलांडल्यावर तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा दोन वेळच्या गुणांत सहासष्ट वर्षांच्या अंतरानेही स्पष्ट मेळ दिसला. इंग्लंडमध्ये सत्तर हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीत अकराव्या वर्षीचे चाचणीतले गुण आणि सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेतले गुण यांचा सहसंबंध ०.८ च्या आसपास निघाला. मानसशास्त्रात इतके पक्के आकडे क्वचित हाती लागतात. काहीतरी मोजले जाते आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

शंका घ्यायची ती त्या ‘काहीतरी’ला सरसकट बुद्धी म्हणण्याबद्दल. जेम्स फ्लिन याने १९८० च्या दशकात दाखवून दिले की ज्या देशांची आकडेवारी मिळते त्यांत पिढी-दर-पिढी चाचणीतले गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेत ही वाढ दर दशकाला सुमारे तीन गुणांची होती. याचा शब्दशः अर्थ लावला तर आपल्या पणज्या-पणजोबांपैकी पुष्कळांना मतिमंद ठरवावे लागेल, आणि ते तर शेती, व्यापार, घरदार सगळे सांभाळत होते. बदलली ती विचारांची सवय. कुत्रा आणि ससा यांत साम्य काय, या प्रश्नाला जुन्या काळचा शेतकरी कुत्र्याने सशाची शिकार करता येते असे उत्तर देईल, आजचा विद्यार्थी दोघेही सस्तन प्राणी असे म्हणेल, आणि पूर्ण गुण दुसऱ्या उत्तराला मिळतात. वस्तूला तिच्या उपयोगापासून सोडवून वर्गात बसवायचे, ही शाळेने लावलेली सवय आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत हिंडला तेव्हा त्याला हेच दिसले. बर्फाळ उत्तरेत सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक ठिकाण उत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची, असे विचारल्यावर निरक्षर शेतकरी म्हणत की आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल कसे बोलावे. या उत्तरात प्रामाणिकपणा आहे, साक्षीपुराव्याची जाणही आहे. चाचणीच्या लेखी मात्र ते चूक. तिसरा पुरावा आपल्या शेजारचा. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची आकृत्यांची कोडी घालून तपासणी केली, एकदा ऊसतोडीपूर्वीच्या ओढाताणीत आणि एकदा बिल हाती आल्यावर. तीच माणसे पैसे आल्यानंतर ठळकपणे सरस ठरली. दुसऱ्या वेळी सरावाने गुण वाढले असतील हा आक्षेप रास्त आहे, म्हणून काही शेतकऱ्यांची पहिली चाचणीच तोडीनंतर घेण्याची खबरदारी त्या संशोधकांनी घेतली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर वाद झाले आहेत. तरी काळजीने भरलेल्या डोक्याचा आकडा आणि निवांत डोक्याचा आकडा एकच असेल असे गृहीत धरणे कठीण आहे, हे ज्याने ऊसबिलाची वाट पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

बुद्धिबळाकडे वळू. आड्रियान द ख्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ स्वतः पट्टीचा खेळाडू होता. त्याने आलेखिन, यूवे, केरेस, फाइन यांच्यासारख्या त्या काळच्या अव्वल खेळाडूंपुढे डावातली एखादी स्थिती मांडली आणि चाल शोधताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. १९४६ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथातला निष्कर्ष अनपेक्षित होता. अव्वल खेळाडू साध्या क्लब खेळाडूंपेक्षा फार पुढच्या चाली पाहत नव्हते, फार जास्त पर्यायही तपासत नव्हते. पण पहिल्या काही क्षणांत त्यांच्या नजरेत ज्या चाली भरत, त्यांत चांगली चाल बहुधा असे. दुबळा खेळाडू तितकाच वेळ आणि तितकीच मेहनत निरुपयोगी फांद्यांवर घालवी. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी यामागचे कारण प्रयोगाने उघडे केले. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून पट झाकायचा आणि ती दुसऱ्या पटावर मांडायला सांगायचे. चोवीसेक मोहऱ्यांपैकी मास्टरने पहिल्या खेपेला सुमारे सोळा बरोबर मांडले, मधल्या दर्जाच्या खेळाडूने आठ, नवशिक्याने चार. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, आणि मास्टर नवशिक्याच्या पातळीवर उतरला. पुढच्या काटेकोर प्रयोगांत विखुरलेल्या स्थितीतही मास्टरची किंचित सरशी दिसली हे खरे, पण ती किंचितच.

हे कसे घडते ते एका साध्या स्थितीवरून कळेल. किल्लेकोट झालेला राजा पटाच्या कडेला, त्याच्या शेजारी आतल्या बाजूला हत्ती, दोघांच्या पुढे न हललेली तीन प्यादी आणि हत्तीपुढच्या प्याद्याच्या पुढच्या घरात घोडा. नवशिक्याला या सहा वस्तू आहेत, आणि सहा घरे लक्षात ठेवायची आहेत. मुरलेल्या खेळाडूला ही एकच गोष्ट आहे, ओळखीच्या चेहऱ्यासारखी. त्या चेहऱ्यात एक प्यादे एक घर पुढे सरकलेले असेल तर ते त्याला ताबडतोब खटकते, आणि खटकण्याबरोबर त्यावर हल्ला कुठून करायचा हेही सुचते. असे पुंजके मास्टरच्या स्मरणात हजारोंनी साठलेले असतात. सायमनचा अंदाज पन्नास हजारांच्या आसपास होता. ही श्रीमंती कोणत्याही बुद्धिमापन चाचणीत मोजली जात नाही, जाऊही शकत नाही, कारण चाचणी रचणाऱ्याची काळजीच अशी असते की कुणाला कोडे आधीपासून माहीत नसावे. चाचणीत शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञानही असते, पण तेही सगळ्यांच्या वाट्याला थोडेबहुत येणारे ज्ञान असते. एकाच क्षेत्रात खोल उतरून मिळवलेल्या ज्ञानाला तिथे जागा नाही. म्हणून या दोन गोष्टींत थोडा संबंध असावा पण फार नसावा, अशी अपेक्षा आकडेवारी पाहण्यापूर्वीच करता येते.

आकडेवारी तसेच सांगते. मॉस्कोतल्या १९२५ च्या स्पर्धेच्या वेळी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. पटाबाहेरच्या स्मरणात किंवा सामान्य बुद्धीत ते इतरांपेक्षा वेगळे निघाले नाहीत. १९८७ मध्ये जर्मनीत मास्टर दर्जाच्या खेळाडूंची सरासरी १०६.५ आली. बेल्जियममधल्या ८ ते १३ वयाच्या ३३ स्पर्धक मुलांची सरासरी मात्र १२१ होती आणि हा अभ्यास हिरिरीने उद्धृत केला जातो. ऑस्ट्रियातल्या ९० स्पर्धक खेळाडूंत बुद्ध्यंक आणि एलो मानांकन यांचा सहसंबंध ०.३५ च्या आसपास मिळाला. दृश्य स्मरणावरच्या एका ब्रिटिश अभ्यासात ३६ खेळाडूंत काहीही संबंध आढळला नाही. एकेका अभ्यासाच्या मागे लागले तर हवे ते सिद्ध करता येते, म्हणून २०१६ मध्ये झालेले संकलन मला निर्णायक वाटते. त्यात १९ अभ्यास आणि सुमारे अठराशे माणसे एकत्र घेतली आहेत. नव्या कोड्यांवर तर्क चालवण्याची क्षमता आणि बुद्धिबळातले कौशल्य यांचा सहसंबंध तिथे ०.२४ निघाला. खेळाडूंमधल्या कौशल्याच्या फरकापैकी सहा टक्क्यांच्या आसपास भाग यातून समजतो, बाकीचा नाही. त्याहून बोलका तपशील असा की मुलांमध्ये आणि मानांकन नसलेल्या खेळाडूंत हा संबंध ठळक होता, प्रौढांमध्ये आणि मानांकित खेळाडूंत अगदी क्षीण. बेल्जियमची मुले आणि जर्मनीचे मास्टर यांच्या निकालांतला विसंवाद त्यामुळे बराचसा उलगडतो.

यावर एक सशक्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अव्वल खेळाडू हे आधीच निवडून आलेले लोक आहेत. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये उंची आणि गुण यांचा संबंध फिका दिसतो, कारण तिथे सगळेच उंच असतात. त्यावरून बास्केटबॉलला उंची लागत नाही असे कुणी म्हणत नाही. बुद्धिबळातही सगळे मास्टर बुद्धिमानच असल्यामुळे त्यांच्यात बुद्ध्यंकाचा फरक उरत नसेल, तर? आक्षेप तर्काने बरोबर आहे आणि काही प्रमाणात तो लागूही आहे. पण त्यातून एक गोष्ट निघते, ती तपासता येते. निवड खरोखर बुद्ध्यंकावर होत असेल तर निवडलेल्यांची सरासरी फार वर गेलेली दिसली पाहिजे, जशी बास्केटबॉलपटूंची सरासरी उंची गर्दीत चटकन डोळ्यात भरते. १०६.५ ही सरासरी तशी नाही. सामान्य लोकसंख्येतली सुमारे एक तृतीयांश माणसे त्याहून वर असतात. स्पर्धा खेळणारे लोक सरासरीपेक्षा थोडे वर असतात, हे मान्य. ते एका अरुंद, अत्युच्च पट्ट्यात कोंबलेले असतात, हे मात्र पुराव्यात दिसत नाही. प्रसिद्ध नावांना चिकटलेल्या आकड्यांचेही असेच आहे. गॅरी कास्पारॉवचा बुद्ध्यंक १९० असल्याचे सर्रास छापले जाते. जर्मनीतल्या डेर श्पीगेल साप्ताहिकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या चाचण्या करवून घेतल्या तेव्हा आकडा १३५ च्या आसपास आला. तो उत्तमच आहे. पण १३५ वर पोचणारी माणसे जगात कोट्यवधी आहेत आणि कास्पारॉव एकच झाला.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप सराववाद्यांचा. बुद्धी काही नाही, दहा हजार तास घाला आणि कोणीही मास्टर होईल, असे ते म्हणतात. हेही टिकत नाही. अर्जेंटिनातल्या १०४ खेळाडूंचा हिशेब फर्नांद गोबे आणि गियेर्मो कांपितेली यांनी २००७ मध्ये मांडला. मास्टर पातळी गाठायला सरासरी सुमारे ११ हजार तास लागले होते, पण कुणाला ३ हजारांत जमले, तर कुणाला २३ हजारांहून जास्त लागले. तेवढे तास घालूनही तिथवर न पोचलेले खेळाडू वेगळेच. एवढी तफावत नुसत्या कष्टांच्या हिशेबात बसत नाही. कोणत्या वयात सुरुवात झाली, मार्गदर्शक कोण मिळाला, अभ्यास कसा केला, यांचा वाटा त्यात आहेच. शिकण्याच्या वेगातला जन्मजात फरकही असणार. इंग्लंडमधल्या शाळांतल्या ५७ मुलांवर झालेला अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. सगळी मुले एकत्र घेतली तर हुशार मुले थोडी पुढे होती, पण कौशल्य ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा सरावाचा निघाला. त्यांतल्या २३ सर्वोत्तम मुलांकडे पाहिले तर चित्र पालटले, तिथे कमी बुद्ध्यंकाची मुले वरचढ होती. कारण सापडले ते असे की ज्यांना सुरुवात सोपी गेली त्यांनी सराव कमी केला. ऑस्ट्रियातल्या खेळाडूंच्या आयुष्यभराच्या नोंदींवरून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष याला पूरक आहे. तितक्याच सरावाचा फायदा अधिक बुद्ध्यंक असणाऱ्याला अधिक होतो, पण सराव झालाच नाही तर तो फायदा कुठून येणार? दोन घटक एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांना वेगळे काढून टक्के वाटून देण्याचा हट्ट मला अशास्त्रीय वाटतो.

आकड्याला मर्यादा मानल्याचा तोटा कुणाला होतो, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी सत्तरच्या दशकात भारतीय महिला बुद्धिबळावर राज्य केले. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला आणि प्रश्न थेट जागतिक संघटनेच्या अध्यक्षांकडे गेला. मुलींना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा देणारे ते अध्यक्ष मॅक्स यूवे होते, द ख्रोटच्या प्रयोगात पटापुढे बसून मोठ्याने विचार करणारे तेच. बायकांची बुद्धी या खेळाला पुरत नाही असे तेव्हा उघड बोलले जाई. पुढे जर्मनीतल्या एक लाखाहून अधिक खेळाडूंच्या मानांकनांवरून दिसून आले की अव्वल पुरुष आणि अव्वल स्त्रिया यांच्यातल्या फरकाचा फार मोठा भाग खेळणाऱ्यांच्या संख्येतल्या तफावतीनेच समजावता येतो. हजारांतून निघालेला पहिला आणि पन्नासांतून निघालेला पहिला सारखे असण्याची अपेक्षाच चुकीची असते. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. वाट मोकळी आणि वर्दळीची झाली की काय घडते, ते अशा निकालांतून दिसते. टर्मनचे उदाहरणही याच जातीचे आहे. त्याने १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजार असामान्य मुले चाचणीने निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांतली पुष्कळ यशस्वी झाली. पण चाचणीत बसले नाहीत म्हणून वगळलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुले होती, आणि पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल त्या दोघांना मिळाले.

उरली तिसरी पायरी, बुद्धिबळाने बुद्धी वाढते ही. इथे पालकांचा पैसा आणि मुलांच्या संध्याकाळी गुंतलेल्या आहेत, म्हणून स्पष्ट बोलणे भाग आहे. बुद्धिबळ खेळणारी मुले अभ्यासात पुढे असतात, या निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण कोणती मुले वर्गाला जातात हे घरच्या परिस्थितीवर ठरते. चिठ्ठ्या टाकून काही शाळांना बुद्धिबळ द्यायचे आणि काहींना नाही, असा प्रयोग करावा लागतो. इंग्लंडमध्ये शंभर शाळांवर तो झाला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभर शाळेच्या वेळात बुद्धिबळ शिकवले आणि त्यानंतर एक वर्षाने गणिताचे गुण पाहिले. दोन्ही गटांत फरक नव्हता. द ख्रोट आणि सायमन यांच्या निष्कर्षांनंतर याचे आश्चर्य वाटू नये. मास्टरने कमावलेले हजारो पुंजके चौसष्ट घरांचे आहेत, ते अपूर्णांकांच्या उदाहरणात कामाला येत नाहीत. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारॉवला हरवले तेव्हाही हे स्पष्ट झाले होते. बुद्धिबळात जगज्जेत्याला भारी पडणारे ते यंत्र दुसरे कोणतेही बुद्धीचे काम करू शकत नव्हते. मुलाने बुद्धिबळ जरूर खेळावे. तो शेकडो वर्षे टिकलेला सुंदर खेळ आहे, त्यात हरणे पचवावे लागते, तासभर एका जागी बसून विचार करावा लागतो, आणि खेळायला एवढी कारणे पुरेशी आहेत. बुद्ध्यंकात दहा गुणांची भर घालण्याचे आश्वासन त्याच्या गळ्यात अडकवण्याची गरज नाही.

पुढील प्रकरणांत हे सगळे अभ्यास त्यांच्या पद्धती आणि मर्यादांसह सविस्तर येतात. ज्यांच्या हातात आज मुलाचा चाचणी-अहवाल आहे, त्यांना मात्र ते सगळे वाचेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून काही प्रश्न इथेच नोंदवतो. चाचणी कोणती होती आणि तिची सरासरी कोणत्या वर्षीच्या, कुठल्या मुलांवरून बसवलेली आहे? बिने-कामतचे मूळ प्रमाणीकरण १९३० च्या दशकातल्या मुलांवरचे आहे, आणि फ्लिनने दाखवलेली वाढ ध्यानात घेतली तर जुन्या मापाने आजच्या मुलाचा आकडा फुगून येऊ शकतो. फुगलेल्या आकड्यामुळे ज्याला खरोखर आधाराची गरज आहे असे मूल सवलतीच्या रेषेवर अडकू शकते. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत झाली का, की मराठी घरातल्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारले? एकूण आकड्याबरोबर घटकवार गुण दिले आहेत का? शब्दांत ८५ आणि आकृत्यांत ११५ असलेल्या मुलाची गरज दोन्हींत १०० असलेल्या मुलापेक्षा अगदी निराळी असते, पण एकूण आकडा दोघांचा जवळपास एकच दिसतो. आकड्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा गुणांचा संभाव्य फरक लिहिला आहे का? चांगल्यात चांगल्या चाचणीतही तो असतो. आणि चाचणीच्या दिवशी मूल आजारी, भुकेले किंवा घाबरलेले होते का, याची नोंद तपासणाऱ्याने केली आहे का? हे पालकांनी विचारावे, आणि उत्तर मिळत नसेल तर चाचणी पुन्हा करून मागावी.